परिचारिका-विद्यालयाचे ध्येय आणि मूल्ये

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयाची निवड महोत्सव समितीने आमच्यावरच सोपविली होती. आमचा बराचसा काळ परिचारिकांच्या शिक्षणात गेला आहे. तेव्हा ज्या विषयाशी आमचा नित्याचा संबंध, तोच आपणांपुढे मांडावा हे आम्हांस उचित वाटले. शिवाय ज्या घराची एखादी लेक, सून, बहीण वा भाची कोणत्या ना कोणत्या इस्पितळात रात्रपाळी करीत नाही, असे घर ह्या सभेत क्वचितच असेल. विद्यापीठाच्या छत्राखालील परिचारिका-विद्यालयाने कोणते ध्येय समोर ठेवावे, आणि कोणती मूल्ये विद्यार्थिनींच्या अंगी बाणवावीत, हा प्रश्न म्हणूनच एकट्या प्राध्यापकांचा राहत नाही. तो आपल्या सर्वांच्या घरचा प्रश्न आहे.

आमचे म्हणणे प्रारंभीच थोडक्यात सांगून टाकतो. ध्येय असे असावे की, ते साधले की नाही हे रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून पाहता यावे. आणि मूल्य असे असावे की, विद्यालयाने ते आधी आपल्या विद्यार्थिनींशी वागताना पाळावे. ह्या दोन कसोट्यांस जे उतरत नाही ते कितीही सुंदर अक्षरांत लिहून प्रवेशद्वारी लावले, तरी त्याने एकाही रोग्याची तहान भागणार नाही.

रुग्णसेवेचा वारसा आपणां कॅथलिकांस परका नाही. पंधराशे ब्याऐंशीच्या, म्हणजे १५८२ च्या सुमारास रोम शहरी संत कामिल्लस दे लेल्लिस ह्यांनी रुग्णांची सेवा करणाऱ्यांचा संघ उभारला; देवाचा संत योहान आणि संत कामिल्लस ह्या दोघांस १९३० साली पोप अकरावे पायस ह्यांनी परिचारकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. फ्रान्स देशात १६३३ साली संत विन्सेंट दी पॉल आणि संत लुईज दे मारिलाक ह्यांनी ज्या भगिनींस एकत्र आणले, त्या मठाच्या भिंतींआड न राहता गल्लीबोळांतून रुग्णांच्या दारी जात. प्रार्थनेच्या वेळी एखाद्या गरीब रोग्याचे बोलावणे आले, तर प्रार्थना सोडून शांत चित्ताने त्याच्याकडे जावे, कारण तेथेही परमेश्वरच भेटतो, अशी शिकवण विन्सेंट ह्यांनी त्यांस दिली होती. आमच्या मते परिचारिका-विद्यालयाच्या ध्येयाचे बीज ह्याच शिकवणीत आहे. घंटा, वेळापत्रक, परीक्षा ही सर्व रुग्णाकरिता आहेत; रुग्ण त्यांच्याकरिता नाही.

परंतु केवळ दया पुरेशी होत नाही. दयेला विद्येची जोड लागते. हे ज्या बाईंनी जगास पटवून दिले, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचे नाव आपण सर्वजण जाणता. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या ज्या ३८ स्त्रियांस घेऊन गेल्या, त्यांत १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या. युद्धानंतर लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीच्या आधारे १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांचे विद्यालय सुरू झाले. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थिनी होत्या. ह्या विद्यालयातील एक रीत आमच्या विषयाशी फार निकट असल्यामुळे तिचा विशेष उल्लेख करतो. प्रत्येक विद्यार्थिनीसाठी दर महिन्यास एक तक्ता भरण्यात येई. त्याच्या एका भागात तिचे कौशल्य नोंदविलेले असे: जखम बांधणे, खाट करणे, रोग्याचे निरीक्षण करणे, इत्यादी. दुसऱ्या भागात तिचा स्वभाव: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप व स्वच्छता. आज कदाचित कोणास ही रीत कडक वाटेल. तथापि तीत एक मोठे सत्य आहे. मूल्ये ही बोलण्याची वस्तू नसून ती दर महिन्यास पाहण्याची, नोंदण्याची व सुधारण्याची वस्तू आहे, हे त्या विद्यालयाने पहिल्या वर्षापासून ओळखले होते.

पुढे ही पद्धत देशोदेशी पसरली, आणि तिच्याबरोबर एक दोषही पसरला. इस्पितळांच्या लक्षात आले की, शिकाऊ मुलगी म्हणजे अल्प मोबदल्यात राबणारे दोन हात. मग व्याख्यान बाजूस राहिले व वॉर्डातील काम पुढे आले. ज्या दिवशी इस्पितळात रोगी अधिक, त्या दिवशी वर्ग बंद, असा प्रकार सर्रास होऊ लागला. अमेरिकेत ह्या स्थितीची कसून चौकशी झाली. जोसेफीन गोल्डमार्क ह्या विदुषींनी तयार केलेला तो अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. इस्पितळाची गरज आणि विद्यार्थिनीचे शिक्षण ह्यांचा झगडा झाला म्हणजे हार शिक्षणाचीच होते, हे त्यात स्पष्टपणे दाखविण्यात आले. त्याच वर्षी येल विद्यापीठाने रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने आपले परिचारिका-विद्यालय उघडले. त्याला स्वतःच्या अधिष्ठाता होत्या, स्वतःचा शिक्षकवर्ग होता आणि स्वतःचा अर्थसंकल्प होता. अधिष्ठाता ॲनी गुडरिच ह्यांच्या कारभाराचे सूत्र असे की, विद्यार्थिनीने वॉर्डात किती काळ आणि कोणत्या कामावर राहावे, हे तिच्या शिक्षणाच्या गरजेवरून ठरावे. बंधुभगिनींनो, विद्यापीठ आणि परिचारिका-विद्यालय ह्यांचा संबंध पदवीच्या कागदापुरता नाही, हे ह्यावरून ध्यानी येईल. विद्यार्थिनी ही प्रथम विद्यार्थिनी आहे, हे मान्य करणे हा त्या संबंधाचा गाभा आहे.

आता स्वदेशाकडे वळू. १९४६ साली भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, आणि परिचारिका होती ४३,००० लोकांमागे एक! त्याच १९४६ साली दिल्लीस व वेल्लोरास परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले: दिल्लीचे महाविद्यालय दिल्ली विद्यापीठाशी आणि वेल्लोरचे मद्रास विद्यापीठाशी संलग्न. आपल्या मुंबईत महर्षी कर्वे ह्यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या अंगणात लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली उभे राहिले. १९९८ साली नाशिकास महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले व राज्यातील कितीतरी परिचर्या महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली पदवीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आठ सत्रांत नव्याने बांधला, आणि २०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसूतिविद्या ह्यांच्याकरिता नवा आयोग नेमण्याचा कायदा केला. सारांश, इमारती वाढल्या, पदव्या वाढल्या, नियमही वाढले. आता प्रश्न इतकाच उरतो की, ह्या सर्वांच्या आत जे असावयास हवे ते आहे काय?

विद्यापीठीय शिक्षणाची आवश्यकताच काय, सेवाभाव असला म्हणजे झाले, असे म्हणणारे पुष्कळ सज्जन आम्हांस भेटतात. त्यांच्यापुढे आम्ही एक गोष्ट ठेवतो. युरोपातील नऊ देशांच्या इस्पितळांत शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांचा अभ्यास करून लिंडा एकिन व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१४ साली असे दाखविले की, ज्या इस्पितळात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण शेकडा १० ने अधिक, तेथे रोगी तीस दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता सुमारे शेकडा ७ ने कमी; आणि एका परिचारिकेवर एका रोग्याचा भार वाढला की, ती शक्यता तितकीच वाढते. ह्याचे कारण गूढ नाही. डॉक्टर दिवसातून एकदोन वेळा येऊन जातो. परिचारिका अष्टौप्रहर तेथे असते. पहाटे तीन वाजता श्वासाची गती वाढली आहे, रोगी थोडा बरळू लागला आहे, लघवी कमी झाली आहे, ह्या तीन गोष्टी एकत्र पाहून धोका ओळखणारे डोळे तिचेच. हात दयेने चालतात. परंतु डोळे विद्येने उघडतात.

मग ध्येय कसे लिहावे? बहुतेक संस्थांच्या माहितीपत्रकांत आपणांस असे वाक्य आढळेल की, उत्तम व आदर्श परिचारिका घडविणे हे आमचे ध्येय आहे. ह्या वाक्यात खोटे काही नाही. पण त्याचा उपयोगही काही नाही, कारण ते साधले नाही असे कोणी कधीच सिद्ध करू शकत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहावे: दुसरे वर्ष संपेपर्यंत आमची प्रत्येक विद्यार्थिनी अंथरुणास खिळलेल्या रोग्याची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलील, त्याची पाठ तपासील आणि त्याला जखमा होऊ देणार नाही. तिसऱ्या वर्षाअखेर ती रोग्याचे बिघडते लक्षण ओळखून डॉक्टरांस नेमक्या शब्दांत कळवील, आणि तिचे ऐकले गेले नाही तर वरिष्ठांकडे जाण्यास कचरणार नाही. पदवी घेताना ती एखाद्या निरक्षर मातेस बाळाच्या जुलाबावर मीठसाखरेचे पाणी कसे करावे हे अशा रीतीने सांगेल की, ती माता ते घरी जाऊन करू शकेल. अशी ध्येये लिहिताना शिक्षकांचा हात थोडा कापतो, कारण ती न साधल्यास ते चारचौघांत दिसून येते. परंतु ज्या ध्येयात चुकण्याची भीती नाही, ते ध्येयच नव्हे.

मूल्यांच्या याद्या जगात पुष्कळ आहेत. अमेरिकेतील परिचर्या महाविद्यालयांच्या संघाने १९९८ साली पाच मूल्ये सांगितली होती: परोपकार, रुग्णाचे स्वातंत्र्य, मानवी प्रतिष्ठा, सचोटी आणि सामाजिक न्याय. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची नीतिसंहिता १९५३ सालापासून चालत आली असून २०२१ साली तिची नवी आवृत्ती निघाली. ह्या सर्वांचा अनादर न करता आम्ही तीनच मूल्यांविषयी बोलतो. कारण आमच्या अनुभवास ती तीन सर्वांत अवघड दिसली.

पहिले मूल्य मानवी प्रतिष्ठा. रोगी हा खाट नंबर बारा नव्हे. त्याला नाव आहे. अंग पुसण्यापूर्वी पडदा ओढावा, काय करणार ते सांगावे, त्याची परवानगी घ्यावी, त्याच्याशी अहोजाहो बोलावे. म्हाताऱ्या आजींस परक्या मुलीने अरेतुरे करू नये. ह्या गोष्टी क्षुल्लक वाटतील, पण रोग्याची अर्धी लाज आणि अर्धे दुःख ह्यांतच असते. विद्यालयाने प्रत्यक्ष परीक्षेत ह्यांस गुण ठेवावेत. सुई अचूक टोचली पण पडदा ओढला नाही, तर गुण कापले जावेत. म्हणजे मुलींस कळेल की विद्यालय बोलते ते मनापासून बोलते. पण त्याहूनही महत्त्वाचे असे की, जी मुलगी वर्गात सर्वांदेखत अपमान सोसते, आजारी असता ड्यूटीवर धाडली जाते, वसतिगृहात जिला धड जेवण मिळत नाही, ती प्रतिष्ठेचा धडा कोठून घेणार? जे तिला मिळाले नाही, ते ती दुसऱ्यास कसे देणार?

दुसरे मूल्य सत्य. वॉर्डातील कागद हा परिचारिकेच्या शपथेसारखा आहे. नाडी न मोजता आकडा लिहिणे, औषध उशिरा देऊन वेळ बरोबरची लिहिणे, हे असत्य कोणाच्या डोळ्यांस दिसत नाही, म्हणूनच ते भयंकर. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पंचसूत्री प्रत्येक विद्यार्थिनी घोकते. तरीही माणूस थकतो व कधी चूक घडते. आता पाहा: एका मुलीच्या हातून मात्रा चुकली व तिने धावत येऊन ते सांगितले. तिला सर्वांसमोर झोडपून काढले, तर उरलेल्या एकोणसाठ मुली त्या दिवशी एकच धडा शिकतील, तो म्हणजे लपविण्याचा. आणि पुढच्या वेळी लपविलेल्या चुकीने जो रोगी दगावेल, त्याचे पाप कोणाच्या माथी? म्हणून आमचे आग्रहाने सांगणे आहे की, ज्या विद्यालयात चूक सांगणारीस आधी धीर, मग रोग्यावर तत्काळ उपचार आणि त्यानंतर शांतपणे विचारपूस मिळते, त्याच विद्यालयात सत्य हे मूल्य आहे. निष्काळजीपणास शासन असावेच. परंतु कबुलीस शासन नसावे.

तिसरे मूल्य न्याय. सामान्य वॉर्डातील मजूर व खास खोलीतील शेठ ह्यांच्या वेदनेत भेद नाही, आणि रोग्याची जात वा धर्म तापाच्या तक्त्यावर लिहिला जात नाही. यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर पडलेल्या जखमी माणसास दयाळू शोमरोनी मनुष्याने तो कोणाचा कोण, असे विचारले नाही. परंतु न्यायाला दुसरीही बाजू आहे, आणि ती बोलावयास आपण संकोचतो. सेवा पवित्र आहे असे म्हणून सेविकेस उपाशी ठेवणे हा धर्म नव्हे. खाजगी इस्पितळांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ साली नेमलेल्या समितीने अशी शिफारस केली की, ५० खाटांहून लहान इस्पितळातही परिचारिकेस दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन असू नये, आणि २०० खाटांहून मोठ्या इस्पितळात ते सरकारी परिचारिकेच्या बरोबरीने असावे. अंमलबजावणीचे काम राज्यांकडे गेले. ही शिफारस प्रत्येक विद्यार्थिनीस ठाऊक असली पाहिजे. आपला हक्क न जाणणारी परिचारिका रोग्याच्या हक्कासाठी तोंड उघडील, ही आशा व्यर्थ आहे.

ह्या ठिकाणी कोणी विचारील की, आपल्या मुली शिकून आखातात, आयर्लंडात, इंग्लंडात जातात. मग ही ध्येये कोणासाठी? प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे २०१८ साली जगात सुमारे ५९ लक्ष परिचारिकांचा तुटवडा होता, व त्यातील शेकडा ८९ तुटवडा गरीब व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत होता. परदेशी जाणाऱ्या मुलीस आम्ही दोष देत नाही. तिच्या पैशाने कितीतरी घरांचे कर्ज फिटले आहे, भावंडे शिकली आहेत. परंतु विद्यालयाने आपले ध्येय परदेशच्या परीक्षेपुरते आखू नये. शिक्षणाच्या काळात प्रत्येक विद्यार्थिनीने पाड्यावरच्या झोपडीत, वृद्धाच्या घरी, प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेले असावे. मग ती जेथे जाईल तेथे जावो. तिला गरिबाचे दार ओळखीचे राहील.

शेवटी पालकांस विनंती. मुलीस, आणि अलीकडे कित्येक मुलगेही हा पेशा पत्करतात, तेव्हा मुलासही, विद्यालयात घालताना आपण शुल्क विचारता व नोकरी मिळेल काय हे विचारता. आणखी चार प्रश्न विचारीत जा. विद्यालयास परिषदेची व विद्यापीठाची मान्यता आहे काय? परिषदेने घालून दिल्याप्रमाणे दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आहे काय, की कागदावरच आहे? शिकाऊ मुलींकडून पगारी परिचारिकांची जागा भरून काढली जाते काय? आणि शिक्षण संपल्यावर मूळ प्रमाणपत्रे तत्काळ हाती मिळतात, की अडकवून ठेवली जातात? हे प्रश्न दहा पालकांनी विचारले तर उत्तर टाळता येईल. शंभरांनी विचारले तर विद्यालयास आपले ध्येय पुन्हा लिहावे लागेल.

आणि धर्मग्राम म्हणून आपणही काही करावे. महोत्सवाच्या निधीतून गरीब घरच्या एका विद्यार्थ्याचे परिचर्येचे शुल्क दरवर्षी भरता आले, तर त्याहून सुंदर स्मारक आम्हांस सुचत नाही. तसेच रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या सुनेस दोन तास निवांत झोप मिळावी, एवढी व्यवस्था प्रत्येक घराने केली, तर तीही रुग्णसेवाच होय. कारण तिचे थकलेले डोळे त्या रात्री पुन्हा कोणाच्या तरी आईवर पहारा ठेवणार आहेत.

ज्या घरांनी आपल्या लेकी रुग्णसेवेस दिल्या, त्या घरांवर परमेश्वराची कृपा राहो. आणि त्या लेकींस शिकविणाऱ्या आम्हां सर्वांस, जे शिकवितो तेच वागण्याचे बळ तो देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.